दुःखाची चौकशी कोणी करावी?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आठवणीवजा लिखाणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. डिसेंबर १९२९ मध्ये ती ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली व दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकावयास तयार नव्हता. गावच्या बड्या मंडळींनी रदबदली केली तेव्हा तो आला, पण बाईला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणण्यात आले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला. त्याच वाटेने तो पुन्हा डॉक्टरकडे परत गेला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने आकडा वाचला, न्युमोनिया झाला आहे असे सांगितले आणि औषध पाठवून दिले. बाई वाचली नाही.

या हकीकतीतील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ताप बरोबर मोजला गेला होता. आकड्यात खोट नव्हती, रोगाचे नावही सांगितले गेले होते. शास्त्राचे म्हणून जे काही काम होते ते सर्व झाले होते. फक्त स्पर्श झाला नव्हता. माणसाला हात न लावता त्याचे दुःख मोजता येते, त्याचा तक्ता करता येतो, त्यावर निबंधही लिहिता येतो. अशा मोजणीला ज्ञान म्हणावे काय, आणि म्हणावयाचे तर ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न धम्माच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कारण आपला धम्मच मुळी दुःखाच्या चौकशीपासून सुरू होतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, असे जो धम्म सांगतो त्याने ही चौकशी कोणी, कशी आणि कोणाच्या परवानगीने करावी याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आज हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा आहे तो देशोधडीला लागलेल्या लोकांच्या बाबतीत. निर्वासित आणि परदेशी स्थायिक झालेले गरीब लोक यांच्या आरोग्याविषयी जगभर पाहण्या होतात. गेल्या काही दशकांत त्यात एक नवा विचार आला आहे. चौकशीचे प्रश्न त्या समाजाने स्वतः ठरवावेत, चौकशी करणारे त्यांच्यातले असावेत, आणि जे हाती येईल ते प्रथम त्यांच्या हाती पडावे, असा तो विचार. वरवर पाहता यात वाद घालण्यासारखे काही दिसत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या आहेत. परंतु आंबेडकरी माणसाने ही म्हणसुद्धा तपासल्याखेरीज स्वीकारू नये असे आम्हाला वाटते.

आधी विनयपिटकातील एक प्रसंग पाहू. महावग्गात तो आला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात लोळत पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असता त्याच्याजवळ आले. त्यांनी त्याला तीन प्रश्न विचारले. तुला काय होते आहे? तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय? आणि नसेल तर ते तुझी शुश्रूषा का करीत नाहीत? तिसऱ्या प्रश्नाला त्या आजारी भिक्खूने दिलेले उत्तर काळजाला घरे पाडणारे आहे. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असे त्याने सांगितले. मग आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजविले. त्यानंतरच संघाला एकत्र बोलावून जाब विचारला गेला. ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा प्रसिद्ध उपदेश त्याच वेळचा.

यात प्रश्न आणि पाणी यांच्यात अंतर पडलेले नाही. शिवाय पहिले दोन प्रश्न रोगाचे व सोयीचे असले तरी तिसरा समाजाचा आहे, आणि तोही रोग्यालाच विचारला आहे. आपल्या दुःखाचे सामाजिक कारण सांगण्याचा अधिकार भगवंतांनी त्या मळात पडलेल्या माणसाला दिला. त्याच प्रकरणात पुढे चांगल्या रोग्याचे आणि चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. रोग्याने आपला आजार आहे तसा उघड करावा. शुश्रूषकाने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, आणि मलमूत्राची किळस करू नये. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे. समोरचा माणूस आपल्या दुःखावर पदवी, बढती किंवा अनुदान मिळविण्यासाठी आला आहे असे दिसले तर रोगी आजार उघड करीलच कसा?

आता ज्यांच्याविषयी हा लेख आहे त्यांच्यातील एका समाजाकडे वळू. तो निवडण्याचे कारण असे, की त्याच्या दुःखात एका बौद्ध राज्याचा हात आहे, आणि ही गोष्ट बौद्धांनी झाकून ठेवू नये.

भूतानच्या दक्षिण भागात नेपाळी बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेती करून राहत होते. त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात. त्यांत बहुतेक हिंदू, काही बौद्ध व काही किरात. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले होते. १९८५ च्या कायद्याने १९५८ साली देशात राहत असल्याचा पुरावा मागितला. १९८८ च्या जनगणनेत माणसांचे सात वर्ग पाडण्यात आले. ज्याच्याजवळ कागद नाही तो परका ठरला. १९८९ मध्ये एकच पोशाख, एकच रीतिरिवाज यांची सक्ती आली आणि शाळांतून नेपाळी भाषा गेली. १९९० च्या निदर्शनांनंतर दडपशाही सुरू झाली. अनेकांकडून आपण राजीखुशीने देश सोडीत आहोत अशा कागदावर जबरीने सह्या घेण्यात आल्या. पूर्व नेपाळातील झापा व मोरंग जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत एक लाखावर माणसे सुमारे दोन दशके बांबूच्या झोपड्यांत राहिली. छावण्या होण्यापूर्वी माई नदीच्या वाळवंटात जे पहिले लोक उतरले त्यांच्यातील कितीतरी मुले गोवर, हगवण आणि उपासमारीने दगावली.

हे करणाऱ्या राज्याचा वारसा वज्रयान बौद्ध परंपरेचा आहे. आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते काय आहे? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करू नये असे सिद्धार्थ शाक्य संघात म्हणाला, तो अल्पमतात गेला, कुटुंबावर बहिष्काराची व जमीन जप्तीची टांगती तलवार आली, तेव्हा त्याने देशत्याग पत्करला, असे बाबासाहेब सांगतात. म्हणजे बाबासाहेबांच्या बुद्धाने स्वतःचा देश सोडला आहे. ज्या राज्यात त्याच्या मूर्तीपुढे दिवे लागतात त्याच राज्याने लाखभर लोकांना सीमेपार लोटले. म्यानमारमधील रोहिंग्यांविषयीही हेच म्हणता येईल. तेथे तर २०१७ साली सात लाखांवर माणसे काही महिन्यांत बांगलादेशात ढकलली गेली, आणि त्यापूर्वीच्या द्वेषप्रचारात चीवरधारी होते. धर्मांतर म्हणजे नाव बदलणे नव्हे असे आपण व्यासपीठावरून सांगतो. ते राज्यांनाही लागू आहे.

२००७-०८ पासून या भूतानी निर्वासितांना आठ देशांत वसविण्यास आरंभ झाला. एकट्या अमेरिकेने नव्वद हजारांवर माणसे घेतली. पोट भरू लागले, डोक्यावर छप्पर आले, आणि मग त्यांच्यातील काहीजण आत्महत्या करू लागले. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत सोळा आत्महत्यांची नोंद झाली. अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने चौकशी केली, चार राज्यांत ४२३ निर्वासितांची पाहणी केली. दर लाखी प्रमाण २०.३ निघाले, त्या काळच्या अमेरिकनांचे होते १२.४. कारणांत भाषा न येणे, काम नसणे, घरच्यांची ताटातूट, आपले रीतिरिवाज पाळता न येणे, या गोष्टी पुढे आल्या.

ही चौकशी झाली हे चांगलेच झाले. तिची निंदा करणारे लोक आम्हाला पटत नाहीत. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट उजेडात आली, आणि तीही प्रयोगशाळेमुळेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे छावण्यांतून निघण्यापूर्वी घेतलेल्या ९९ रक्तनमुन्यांपैकी ६४ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. वर्षानुवर्षे शिध्यावर काढलेली, त्यात दूध, अंडी, मांस जवळजवळ नाही. या जीवनसत्त्वाच्या अभावाने हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विस्मरण होते, मन उदास होते. सगळ्या उदासीचे मूळ शिध्यात होते असे कोणी म्हणू नये. परंतु निर्वासिताच्या खिन्न चेहऱ्याचे मूळ केवळ त्याच्या ‘संस्कृतीत’ शोधणाऱ्यांना हा आकडा थोडा लाजविणारा आहे. असा आकडा समाजाला स्वतःहून काढता आला नसता. त्यासाठी सुई लागते, यंत्र लागते, ते चालविणारा लागतो.

मग समाजाला काय करता येते? त्याला बोलता येते, आणि बोलणे म्हणजे काय हे नेपाळीच्या एका उदाहरणाने मराठी वाचकाला लगेच कळेल. नेपाळीत ‘मन’ आणि ‘दिमाग’ असे दोन शब्द आहेत. मन दुखते, मनाला लागते, मन रमत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, सगळ्यांचेच मन दुखते. पण दिमाग बिघडला असे म्हटले की माणूस वेडा ठरला, घराण्याला बट्टा लागला, मुलीचे लग्न अडले. आपल्याकडेही ‘मनाला लागले’ आणि ‘डोके फिरले’ यांत हाच फरक आहे. आता एखादा सद्भावी डॉक्टर दुभाष्यामार्फत विचारतो की तुला काही मानसिक आजार आहे काय. दुभाषी त्यात दिमाग घालतो. म्हातारा मान हलवून नाही म्हणतो, आणि तक्त्यात ‘नाही’ची भर पडते. तक्ता शास्त्रशुद्ध असतो. थर्मामीटर पुन्हा तीन हातांतून गेलेला असतो.

मॅसॅच्युसेट्स राज्यात बोस्टन आणि स्प्रिंगफील्ड परिसरात थेरेसा बेटनकोर्ट या अभ्यासिकेच्या गटाने भूतानी व सोमाली बांटू निर्वासितांबरोबर जे काम केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तयार प्रश्नावली घेऊन ते गेले नाहीत. त्या समाजातील माणसांना पगारी संशोधन-साहाय्यक म्हणून नेमले, सल्लागार मंडळे बसविली, आणि प्रथम एवढेच विचारले की तुमच्या मुलांना कसकसला त्रास होतो, आणि त्याला तुम्ही तुमच्या बोलीत काय म्हणता. त्या शब्दांवरून मोजमापे बनविली. पुढे घरोघरी जाऊन आईबाप व मुलांशी बोलण्याचा कार्यक्रम आखला, आणि घरभेटी देणारेही निर्वासितच होते. यात ‘पगारी’ हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. अनुदान विद्यापीठाला, मान अभ्यासकाला, आणि समाजाने मात्र सेवाभावाने दुभाषेगिरी करावी, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. गावकीची कामे आपण अशीच फुकट केली आहेत.

आपल्यालाही कोणीतरी तपासले आहे. १९५८ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकल सेल या रक्तविकाराविषयी लेख आला. विदर्भातील आपल्या लोकांच्या रक्ताचा त्यानंतर पुष्कळ अभ्यास झाला, आणि अनेक निबंधांत नोंद राहिली ती सोडून दिलेल्या जातीच्या नावाने. रोग आनुवंशिक आहे, लग्ने जातीतच होत आली, तेव्हा पूर्वीच्या जातीची माहिती अभ्यासकाला लागते हे मान्य करू. पण रक्त देणाऱ्याला तू स्वतःला काय म्हणवतोस हे विचारावयास काय लागत होते? नागपूरला संपत रामटेके यांनी सिकल सेल सोसायटी ऑफ इंडिया उभारली आणि रुग्णांच्या घरच्यांना एकत्र आणले, तेव्हा कुठे प्रश्नांची दिशा फिरली. निबंधात या विकाराचे शेकडा प्रमाण असते. आईला विचाराल तर ती सांगेल की मुलगा कळ येऊन रात्रभर ओरडतो, शाळा बुडते, आणि सवलतीचा दाखला मिळत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश झाला. रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तेव्हा चौकशी समाजाने चालवावी, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी जी भूमिका मांडली तिच्याच जातकुळीचे हे तत्त्व आहे. आमची मते दुसऱ्याने मांडणे पुरेसे नाही, आमची माणसे तेथे पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु खरी अडचण यापुढेच आहे. ‘समाज’ म्हणजे कोण?

सोमालियाचे उदाहरण घ्या. बांटू लोकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून तेथे आणले गेले. गुलामी गेली तरी हलकेपणा गेला नाही. त्यांच्या केसांवरून आणि गुलामीवरून शिव्या झाल्या, जमिनी बळकावल्या गेल्या, यादवीत त्यांचे धान्य सर्वांनी लुटले. केनियाच्या छावण्यांतही ते कडेलाच राहिले. २००३-०४ पासून सुमारे बारा-तेरा हजार बांटू अमेरिकेत आले. आता एखाद्या शहरात ‘सोमाली समाजा’चे आरोग्य-मंडळ स्थापन झाले आणि त्यावर वरचढ कुळांचे चार शिकलेले गृहस्थ बसले, दुभाषी त्यांचा, त्याची बोली निराळी, तर बांटू बाई त्या दुभाष्यादेखत काय सांगणार? कागदोपत्री चौकशी समाजाने चालविलेली असेल. तिच्या दृष्टीने मालकाने चालविलेली असेल.

भूतानी निर्वासितांतही बाहुन आहेत, छेत्री आहेत, आणि लोहारकाम, शिवणकाम, चामड्याचे काम करणाऱ्या दलित जातीही आहेत. हिंदू माणूस जेथे जाईल तेथे जात घेऊन जाईल आणि मग जात हा जगाचा प्रश्न होईल, या केतकरांच्या इशाऱ्याकडे बाबासाहेबांनी १९१६ सालीच न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात लक्ष वेधले होते. विमानात बसताना जात खाली ठेवावी लागत नाही. म्हणून कोणी अभ्यासक आनंदाने सांगू लागला की आम्ही समाजाच्या पुढाऱ्यांना विचारूनच सर्व केले, तर आपण त्याला विचारले पाहिजे की पुढाऱ्यांच्या घरी पाणी कोण पिऊ शकत नाही, हे तुम्ही विचारले काय? खेड्याला स्वयंपूर्ण, सुखी समाज मानून त्याच्या हाती सत्ता द्यावी, या गोड कल्पनेवर बाबासाहेबांनी १९४८ मध्ये घटना समितीत जो आघात केला तो याचसाठी. ‘समाज’ हा शब्द मोठा मवाळ आहे, आणि त्याच्या आड पुष्कळ काही लपते. घरात बाईचे काय होते, हेही त्याच्या आडच लपते. मंडळावर पुरुषच असतील तर बाळंतपणाचे आणि मारहाणीचे प्रश्न प्रश्नावलीत येणारच नाहीत.

येथे कोणी म्हणेल की मग बाहेरचा तटस्थ अभ्यासकच बरा. आणखी कोणी म्हणेल की समाजाच्या हाती चौकशी दिली तर तो आपल्याला हवे तेच सिद्ध करील. हा आक्षेप पोकळ नाही, त्याला मिनेसोटातील हकीकतीचा आधार आहे. मिनीयापोलिस शहरातील सोमाली आईबापांना २००८ च्या सुमारास जाणवू लागले की आपल्या मुलांत ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, फार दिसते आहे. २००९ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने पाहिले तेव्हा ऑटिझमच्या बालवर्गांत सोमाली मुलांचे प्रमाण खरोखरच जास्त होते, पण ते का, हे सांगता येईना. पुढची पाहणी प्रसिद्ध होईपर्यंत आणखी चार वर्षे गेली. रिकाम्या जागी कोणी ना कोणी येऊन बसतोच. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझम होतो असा खोटा सिद्धांत मांडणारे अँड्र्यू वेकफील्ड, ज्यांचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला आणि ज्यांचे नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढले गेले, ते २०१० व २०११ मध्ये या आईबापांना भेटले. त्या समाजातील दोन वर्षांच्या मुलांत ही लस घेण्याचे प्रमाण २००४ साली ९२ टक्के होते, २०१४ मध्ये ते ४२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये गोवराची साथ आली, राज्यात ७५ जण आजारी पडले, त्यांतली बहुतेक सोमाली मुले. दरम्यान २०१३ मध्ये विद्यापीठाची पाहणी प्रसिद्ध झाली होती. सोमाली मुलांत ३२ मध्ये एक, गोऱ्या मुलांत ३६ मध्ये एक, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांत बौद्धिक मंदत्व अधिक होते, म्हणजे आयांना दिसत होते ते अगदीच भ्रामक नव्हते.

यावरून काय ठरवावे? आमच्या मते त्या आयांचा प्रश्न पूर्णपणे त्यांच्या हक्काचा होता. त्यांनी धरलेले उत्तर मात्र चूक होते. प्रश्न विचारण्याचा अधिकार दुःखाने मिळतो, उत्तर खरे ठरण्याचा अधिकार दुःखानेही मिळत नाही. कालामांना भगवंतांनी सांगितले ते हेच. परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून काही मानू नका. त्यात ‘आमच्या समाजाचे म्हणणे आहे म्हणून’ हेही आपण धरून चालावे. पण हे तिघांनाही लागू आहे: वेकफील्डना, आयांना आणि ज्यांनी त्या आयांना वर्षानुवर्षे थांबविले त्या खात्यालाही. आयांनी विचारले त्याच वर्षी त्यांच्यासमवेत बसून मोजणी झाली असती, मोजणाऱ्यांत त्यांच्या मुली असत्या, तर खोट्या वैद्याला बसायला जागा उरली नसती असे आम्हाला वाटते.

आणखी एक धोका आहे आणि तो निर्वासिताला अधिक आहे. त्याला आयुष्यभर प्रश्नच विचारले गेले. नाव काय, केव्हा आलास, पुरावा काय. प्रत्येक उत्तरावर शिधा, व्हिसा किंवा हकालपट्टी अवलंबून होती. भूतानच्या जनगणनेने तर प्रश्न विचारूनच त्यांना परके केले. मार्च २०२५ पासून अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना, ज्यांपैकी पुष्कळांवर जुन्या गुन्ह्यांचा शिक्का होता, परत भूतानला पाठविले. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडले, आणि काहीजण फिरून नेपाळात पोहोचले तेव्हा तेथे त्यांना अटक झाली. पस्तीस वर्षांत फेरा पुरा झाला. अशा माणसाच्या दारूची, भांडणाची, उदासीची नोंद जो घेतो, त्याची वही कोणाच्या हाती पडेल याचा त्याने आधी विचार केला पाहिजे. संमतिपत्रावरची सही पुरेशी नाही. राजीखुशीच्या कागदावर या लोकांनी पूर्वीही सही केलेली आहे.

याउलट एक उदाहरण बौद्ध निर्वासितांचेच आहे. भारतातील तिबेटी समाजात क्षयाचे प्रमाण पूर्वीपासून फार. धर्मशाळेचे डेलेक हॉस्पिटल हे १९७१ पासूनचे त्यांचे स्वतःचे रुग्णालय आहे. २०१७ पासून त्यांनी, तिबेटी प्रशासनाच्या आरोग्य विभागाने व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने मिळून वसतिगृही शाळांत मुलांची सरसकट तपासणी सुरू केली. हिमाचल प्रदेशात पहिल्या वर्षी पाच हजारांवर मुले व कर्मचारी तपासले, तेव्हा मुलांत लाखी ८५३ या प्रमाणात क्षयरोगी निघाले, आणि शेकडा अठरा मुलांच्या शरीरात सुप्त संसर्ग सापडला. ज्याला रोग होता त्याला उपचार, ज्याला सुप्त संसर्ग होता त्याला प्रतिबंधक औषध, हे त्याच योजनेत होते. यंत्रे व आकडेशास्त्र बाहेरून आले, परंतु मुलांच्या आईबापांशी तिबेटीत बोलणारे त्यांचेच होते. येथे मोजणारा हात आणि पाणी आणणारा हात वेगळे पडलेले नाहीत.

तिबेटींची एक वसाहत आपल्या अगदी जवळ आहे. गोंदिया जिल्ह्यात, पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाने ती १९७२ पासून वसली आहे. आपल्यातील डॉक्टर व परिचारिका मंडळी ६ डिसेंबरला, १४ एप्रिलला ठिकठिकाणी शिबिरे भरवितात, रक्तदाब मोजतात, चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी पुढे कोठे जाते हे कोणी पाहत नाही. त्यांच्यापैकी कोणाला गोठणगावास जावेसे वाटले तर त्यांनी रक्तदाबाचे यंत्र पहिल्या खेपेस घरी ठेवावे. पहिली बैठक तिबेटी बोलणाऱ्या माणसाला घेऊन करावी, त्याला दिवसाची मजुरी द्यावी. बैठकीला वसाहतीचे पुढारी असावेतच, पण हिवाळ्यात दूरच्या शहरांतून रस्त्यावर स्वेटर विकायला जाणाऱ्या बायाही असाव्यात. वर्षातले काही महिने घराबाहेर, भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने काढणाऱ्या या बायांना खोकला केव्हा लागतो आणि औषध मध्येच का सुटते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसणार. आणि त्या जर म्हणाल्या की आम्हाला क्षयाचे नाही, गुडघ्यांचे विचारायचे आहे, तर गुडघ्यांपासून सुरुवात करावी.